दर वीस मिनिटांनी चार सेकंद

कॉम्प्युटर उघडण्याआधी तो त्याच्यावर हात ठेवायचा, ताप बघावा तसा. काढलेले स्क्रू चहाच्या बशीत ठेवायचा आणि बशी कुणी हलवली की चिडायचा. चष्मा कपाळावर ढकलून घरभर चष्मा शोधायचा. दुसऱ्याच्या खुर्चीत बसायची वेळ आली तर टोकावरच बसायचा.

रुग्णालयात त्याला सगळे पेचकस म्हणत. अडतीस वर्षांचा होता. तिथली कॉम्प्युटरची अकरा मशीनं त्याच्या गळ्यात होती. परवा शुक्रवारी दुपारी तो जिन्यात जरा टेकला, तो उठलाच नाही.

त्याचा शेवटचा महिना टायपिस्ट ताईंच्या काळजीत गेला. डॉक्टरांचं बोलणं ऐकून त्या तपासणीचे अहवाल टाइप करतात, बावीस वर्षं झाली. हल्ली त्यांच्या अहवालांतून अक्षरं आणि आकडे गळू लागले होते. एका बाईची बारा मिलिमीटरची गाठ कागदावर दोन मिलिमीटरची झाली. डॉक्टरांनी वेळीच पाहिलं म्हणून निभावलं.

"मशीन थांबतं हो," ताई म्हणाल्या. "चारच सेकंद. पण तेवढ्यात मी जे दाबते ते जातं कुठे, कुणास ठाऊक."

"बाकी कुणाची तक्रार नाही," मोठे साहेब म्हणाले. बाकीचे दिवसभरात चार ओळी टाइप करतात, हे त्यांना कोण सांगणार. "महिना देतो. अखेरच्या सोमवारपर्यंत कारण लेखी द्या. नाहीतर बाईंनी आता घरी आराम करावा."

पेचकसने ते मनाला लावून घेतलं. डिस्क बदलली. वायरी बदलल्या. अँटिव्हायरस बंद केला. मग एकेक प्रोग्रॅम बंद करून ताईंना टाइप करायला बसवलं. मशीन थांबायचं ते थांबतच राहिलं. त्याला जेवण जाईना.

"माझ्यासाठी कधी असा सुकला नाहीस," बायको म्हणाली. तो हसला नाही.

शेवटी त्याने ताईंना मशीन थांबलं की वेळ लिहून ठेवायला सांगितलं. गुरुवारी सकाळी त्यांनी कागद पुढे केला.

"वाच. दहा वीस, दहा चाळीस, अकरा. माझ्या सासूबाईंच्या खोकल्यालासुद्धा एवढी शिस्त नव्हती रे."

तो कागद बघतच राहिला. वीस मिनिटांचा हा नेम त्यानेच लावून दिला होता.

तीन वर्षांपूर्वी एकदा वीज गेली आणि ताईंचं दिवसभराचं काम पुसलं गेलं. त्या काळ्या पडद्याकडे बघत बसल्या. त्याला ते बघवलं नाही. त्याने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि सगळ्या मशीनांवर बसवला. दर वीस मिनिटांनी तो केलेल्या कामाची प्रत जपून ठेवी. कुणी चुकून बंद करू नये म्हणून तो कुठल्याच यादीत दिसणार नाही, अशी सोय केली. सांगितलं कुणालाच नाही. प्रती साठत गेल्या, आणि आता नवी प्रत काढताना मशीनला धाप लागत होती. महिनाभर त्याने प्रत्येक प्रोग्रॅमवर संशय घेतला होता. स्वतःचा तेवढा राहिला.

त्याने तो बंद केला. ताईंनी तासभर टाइप केलं. एकही अक्षर गळलं नाही. मग त्याने तो पुन्हा चालू केला.

"अरे, आता हे कशाला?"

"सोमवारी साहेबांना डोळ्यांनी दिसू दे. नुसतं सांगितलं तर म्हणतील, दोघांनी मिळून रचलं."

"आणि लिहिलं कुणी म्हणून विचारलं तर?"

"मी लिहिलं म्हणून सांगेन. कागदावरच देतो."

"नोकरी जाईल तुझी."

"आणि नाही सांगितलं तर तुमची जाते, ताई."

उद्या सोमवार. ताईंना सगळं ठाऊक आहे, पण त्या साहेबांपुढे तोंड उघडायला तयार नाहीत. गेलेल्या माणसावर ढकललं असं होईल, म्हणतात. शिवाय विश्वास कोण ठेवणार? तो प्रोग्रॅम कुठे लपवलाय, हे दाखवू शकणारा एकच माणूस होता.

त्याच्या टेबलावर शुक्रवारचा कागद तसाच अर्धवट पडून आहे, अजून कुणी पाहिलेला नाही. अक्षर नेहमीपेक्षा नीट काढलंय. वर साहेबांचा हुद्दा, तारीख, आणि खाली तीन ओळी:

'अहवालांतल्या चुका टायपिस्ट ताईंच्या नाहीत. मशीन एका प्रोग्रॅममुळे थांबतं. तो प्रोग्रॅम तीन वर्षांपूर्वी'