एक खांदा खाली

काकूंच्या घरी जेवणाच्या टेबलावर जेवण सोडून सगळं चालायचं. अर्ध्या टेबलावर त्यांचं शिवणाचं मशीन आणि उरलेल्या अर्ध्यावर काकांची काच. ही काच बोटभर जाड, एका कोपऱ्याखाली वर्तमानपत्राची घडी आणि वर पाणसळ. पाणसळीतला बुडबुडा बरोबर मध्ये येईपर्यंत काका चहालासुद्धा हात लावायचे नाहीत. बुडबुडा स्थिरावला की मग काचेवर गाडी यायची, रिमोटवर पळणारी, हातभर लांब रेसची गाडी.

काकांनी चौतीस वर्षं लिफ्ट बसवल्या आणि दुरुस्त केल्या. ओळंबा सोडून लिफ्टचे रूळ सरळ करण्यात हयात गेल्यामुळे वाकडं काही त्यांना बघवत नसे. भिंतीवरचं कॅलेंडर, पाहुण्यांच्या चपला, काकूंची कात्री, जे दिसेल ते सरळ करत फिरायचे. रेसच्या क्लबात त्यांना सगळे 'ओळंबा' म्हणत आणि त्यांना त्याचा अभिमानच होता. "शर्ट कसा बसतो बघा," असं ते कुणालाही थांबवून सांगत, "माणूस ओळंब्यात उभा असला की शिवणारीला काही करावंच लागत नाही." शिवणारी, म्हणजे काकू, तेव्हा नेमक्या तोंडात टाचण्या धरून असायच्या, त्यामुळे काही बोलत नसत.

निवृत्तीनंतरचे पहिले सहा महिने काकूंना आठवले तरी नको वाटे. काका खुर्चीत बसून छताकडे बघायचे. "तुझ्या मशीनचा पट्टा सैल झालाय," एवढं एकच वाक्य दिवसभरात व्हायचं, आणि पट्टा तर कधीच सैल नसायचा. मग जावयाने हौसेने घेतलेली आणि पहिल्याच दिवशी भिंतीवर आपटलेली ही गाडी दुरुस्तीला आली, ती परत गेलीच नाही. काका बोलायला लागले. शॉकमधलं तेल, स्प्रिंगा, चाकांचा तिरकेपणा, असं काय काय. काकूंना त्यातलं निम्मं कळायचं नाही, पण घरात आवाज आला होता. गाडीचं पातळ प्लॅस्टिकचं कवच तडकलं की त्या आतून कॉलरीत घालायच्या बक्रमची पट्टी चिकटवून द्यायच्या, आणि तो जोड दातांच्या डॉक्टरांनीसुद्धा हातात घेऊन बघितला होता. हे डॉक्टर क्लबातले सगळ्यात वेगवान, दर वेळी पहिले.

काका मात्र तीन वर्षांत एकदाही फायनलला गेले नव्हते. पात्रता फेऱ्या तीन, त्यातली ज्याची जी चांगली ती धरायची, आणि फायनलला पहिले दहाजण. काका बारावे यायचे, नाहीतर चौदावे. गेल्या आठवड्यात पाना खाली ठेवून ते म्हणाले, "ह्या वेळी नाही जमलं तर गाडी जावयाला परत. पुरे झालं हसं." काकूंनी मशीन थांबवलं. गाडी गेली की ती छताकडे बघणारी खुर्ची परत येणार, आणि ह्या वेळी उठायची नाही.

रेस एका शाळेच्या व्यायामशाळेत व्हायची. महिन्यातून एकदा तिथे करड्या गालिच्याच्या गुंडाळ्या उलगडायच्या, त्यावर फळ्या लावून वळणं करायची, की झाला रस्ता तयार. पहिल्या फेरीत काकांची गाडी लांब सरळ रस्ता सुसाट कापत आली आणि टोकाच्या डाव्या वळणावर उजवीकडे कलंडून उलटी झाली. दुसऱ्या फेरीत तिथेच दोनदा. एकट्या काकांचीच नव्हे, डॉक्टरांचीही गाडी तिथे एकदा पालथी पडली. सगळे आपापल्या टेबलाशी जाऊन स्प्रिंगा बदलायला लागले. काकांनी वही काढली. गेल्या महिन्यात ह्याच वळणावर ह्याच मापांनी गाडी शहाण्यासारखी वळली होती.

काकू नेहमीच्या खुर्चीत बसून एका गिऱ्हाइकाच्या कोटाची दुमड घालत होत्या. चौथ्या टाक्याला त्यांनी मान वर केली आणि त्यांना गालिचा गडद दिसला. खुर्ची तीच, दिवे तेच, पण गेल्या वेळेपेक्षा एक छटा गडद. अशी छटा बदलताना त्यांनी एकदाच पाहिली होती. शिवणकामात नव्या नव्या होत्या तेव्हा मखमलीच्या झग्याची एक बाही त्यांनी उलट्या लवेने कापली होती, आणि एकाच झग्याला दोन रंगांच्या बाह्या आल्या होत्या. बाकीचे जेवायला गेल्यावर त्या उठल्या, त्या वळणाशी गुडघे टेकून बसल्या आणि गालिच्यावरून तळहात फिरवला. मग काकांकडे गेल्या.

"अहो, गालिचा ह्या वेळी उलट्या बाजूने उलगडलाय. त्या वळणावर लव समोरून येतेय. चाकं फार धरतायत, म्हणून गाडी कलंडतेय."

"नाचता येईना अंगण वाकडं म्हणतील लोक," काका वहीतून डोकं न काढता म्हणाले.

"म्हणू देत. पण अंगण खरंच वाकडं आहे. हात फिरवून बघा."

काकांनी जाऊन हात फिरवला. इकडून, तिकडून, परत इकडून. येताना त्यांचा चेहरा उतरला होता. "आता सगळी मापं बदलायची म्हटलं तर अर्ध्या तासात होत नाही. आणि पकड सगळीकडेच कमी केली तर बाकीच्या वळणांवर गाडी रांगेल."

"सगळीकडे कशाला? उलटते एकाच वळणावर, आणि तीही उजव्या अंगावर. उजव्या पुढच्या टायरच्या बाहेरच्या कडेला तेवढा गोंद लावा. कड गुळगुळीत झाली की धरायची नाही."

"फक्त उजव्या?" काकांना कुणीतरी लिफ्ट तिरपी बसवायला सांगितल्यासारखं झालं. "दोन्ही बाजू सारख्या नकोत?"

"माणसाचे दोन खांदे कुठे सारखे असतात? मी एक खांदा कायम थोडा खाली कापते. कुणाला कळत नाही, पण बसतं छान."

काका पाणसळीकडे बघत बसले. वेळ थोडा होता आणि वहीत दुसरा उपाय नव्हता. शेवटी त्यांनी चाक काढून काकूंच्या हातात दिलं. काकूंनी गोंदाची बारीक रेघ टायरच्या कडेवरून अशी फिरवली की एक थेंब इकडेतिकडे गेला नाही. तोवर काका दुसरीकडे तोंड करून उभे होते.

तिसऱ्या फेरीत गाडी त्या वळणावर आली तेव्हा काकूंनी कोटात तोंड खुपसलं. आपटल्याचा आवाज आला नाही. पुढच्या चकरीलाही आला नाही. पाच मिनिटं गाडी चाकांवरच राहिली, आणि माइकवरून नावं वाचली तेव्हा दहावं नाव 'ओळंबा' होतं. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी गिऱ्हाइकाच्या कोटाला पुसलं.

ह्यानंतर काकांनी काय करावं? फायनलच्या आधी हे गुपित डॉक्टरांसकट नऊही जणांना टेबला-टेबलावर जाऊन सांगितलं. वाकडं दिसलं की ह्यांना राहवत नाही, म्हणून काकूंनी कपाळाला हात लावला. डॉक्टर पहिले आले. काका सातवे आले, आणि जिंकल्यासारखे भेटेल त्याच्याशी हात मिळवत सुटले.

घरी आल्यावर गाडी काचेवर गेली. जावयाचं नावही निघालं नाही. काका कुठल्या टायरच्या कडेला कसा गोंद लावता येईल ते बोलत होते, काकू चहा गाळत होत्या. बोलता बोलता काका मध्येच थांबले.

"अगं, ते खांद्यांचं... गिऱ्हाइकांचंच ना?"

"सगळ्यांचंच."

"माझे?"

"उजवा पाऊण सेंटिमीटर खाली आहे."

काकांचा हात आपोआप उजव्या खांद्यावर गेला. "कधीपासून?"

"लग्नातला शर्ट मीच शिवला होता ना? तेव्हापासून."

"मग एवढ्या वर्षांत सांगितलं का नाहीस?"

"शर्ट बसत होता की नीट."

 काका उठून आरशासमोर गेले, पाणसळ हातात घेऊनच.