पाणबुड्याच्या इतिहासात मी केलेल्या दुरुस्त्या

हे मुख्यतः माझ्या धाकट्या नातीसाठी लिहीत आहे. गेल्या मे महिन्यात एका गुरुवारी संध्याकाळी तिचे बाबा माझ्याशी फोनवर बोलता बोलता खोलीचे दार लावून बसले आणि जेवायला दोनदा हाक मारली तरी बाहेर आले नाहीत, एवढेच तिला ठाऊक आहे. का, ते तिने मला विचारले होते आणि मी "नंतर सांगते" म्हणून टाळले होते. थोरल्याला, म्हणजे तिच्या भावाला, बरेचसे माहीत आहे. तरी त्यानेही वाचावे, कारण माझ्या वहीतली अठ्ठावन्नावी नोंद मी कशी केली ते त्याला पूर्ण माहीत नाही.

मी एकतीस वर्षे एका छापखान्यात इंग्रजी पाठ्यपुस्तकांची प्रुफे वाचली. तिथल्या दोन सवयी निवृत्तीनंतरही सुटलेल्या नाहीत. पहिली, प्रत्येक दुरुस्ती वहीत उतरवायची. पान, ओळ, मग तीन रकाने: काय होते, काय केले, का केले. दुसरी, प्रस्तावना सर्वांत शेवटी वाचायची. लेखक मंडळी प्रस्तावना अगदी शेवटी लिहून देतात आणि छपाईच्या दिवसापर्यंत बदलत राहतात, म्हणून ती आधी तपासणे म्हणजे फुकटची मेहनत. या दुसऱ्या सवयीने घात केला.

तुमचे बाबा लहान असताना टीव्हीला जोडून खेळायचे एक यंत्र आमच्या कर्वेनगरच्या घरी होते. त्यात प्लॅस्टिकची कॅसेट घालायची. चालली नाही तर काढून फुंकर मारायची आणि पुन्हा घालायची. बाबांचा आवडता खेळ पाणबुड्याचा. पिवळे शिरस्त्राण घातलेला एक बुटका पाणबुड्या समुद्रात उतरायचा, मोती गोळा करायचा आणि हवा संपायच्या आत वर यायचा. हवा संपत आली की यंत्र पिंपिंप करू लागे. तो आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू यायचा आणि नको व्हायचा. या खेळाचे तीन भाग निघाले. तिसरा घाईघाईत बाजारात आणला, तो कोणाला आवडला नाही, आणि कंपनी बंद पडली. हा खरा इतिहास.

थोरल्याला बाबांकडून या खेळाचे वेड लागले. तिकडे परदेशात शाळा बदलल्यापासून त्याला तिथे कोणी मित्र नव्हते, हे तुमच्या आईने मला सांगितले होते. त्याची सगळी मैत्री एका साइटवर होती. वेगवेगळ्या देशांतली सात मुले मिळून पाणबुड्याचा इतिहास लिहीत होती, दोन वर्षांपासून. डिसेंबरच्या सुट्टीत तो पुण्याला आला तेव्हा माझ्या टॅबवर त्याने ती साइट उघडून मला दाखवली. मी तेव्हा गॅसजवळ होते, लांबूनच पाहिले आणि "छान" म्हटले. मे महिन्यात त्याने निरोप पाठवला की आजी, आमचे पुस्तक पुरे होत आले आहे, तू वाचून चुका काढशील का? एवढे कोणी विचारले तर मी नाही म्हणणार नव्हते.

सोमवारी सकाळी वही घेऊन बसले. टॅबवर त्याचे नाव तसेच चालू राहिले आहे, हे माझ्या लक्षात आले नाही. मुलांचे इंग्रजी चांगले होते. पण मजकूर? दुसऱ्या प्रकरणात लिहिले होते की तिसरा भाग वर्षभर थांबवला, नीट केला आणि तो फार गाजला. मी इंटरनेटवर तीन ठिकाणी पाहिले. तिन्ही ठिकाणी उलट. मग पुढे चौथा भाग, पाचवा, अकरावा. जे भाग निघालेच नाहीत त्यांची सविस्तर वर्णने. मुलांनी कुठल्या तरी भलत्या साइटवरून उतरवून घेतले असणार, अशी माझी खात्री झाली. मला त्यांची दया आली. इतकी मेहनत, आणि आधार सगळा कच्चा.

चार दिवस सकाळी नऊ ते अकरा मी काम केले. चूक खोडली, बरोबर ते लिहिले, निघालाच नव्हता तो भाग काढून टाकला, जतन केले, वहीत नोंद केली. एकूण एकसष्ट नोंदी. अकरा प्रकरणे संपली तेव्हा पुस्तक बरेच बारीक झाले होते.

शुक्रवारी सकाळी चहा झाल्यावर प्रस्तावना उघडली. पहिलेच वाक्य असे होते: यापुढे वाचाल त्यातले काहीही घडलेले नाही. तिसरा भाग थांबवण्याचे धैर्य त्या कंपनीत एका माणसाने दाखवले असते तर काय झाले असते, ते आम्ही सातजणांनी मिळून कल्पिले आहे.

मी ते वाक्य दोनदा वाचले. तेवढ्यात टॅबवर निरोप येऊ लागले. ते थोरल्याच्या नावाने होते, पण समोर मी होते. एकाने विचारले होते, हे तू का केलेस? दुसऱ्याने लिहिले होते, दोन वर्षे आम्ही तुला आपला समजत होतो. तिसऱ्याने थेट मतदानच मांडले होते: याला गटातून काढावे की नाही, रविवारी पुण्याच्या वेळेने सकाळी दहापर्यंत प्रत्येकाने सांगावे. जुना मजकूर परत आणता येतो, असे एकीने खाली म्हटले होते. म्हणजे पुस्तक गेले नव्हते. जायचा होता तो थोरला.

आणि तो तिकडच्या गुरुवारी सकाळीच शाळेच्या शिबिराला गेला होता. फोन शिक्षकांकडे जमा, परत यायचा तिकडच्या रविवारी दुपारी. तोपर्यंत सगळे संपलेले असणार. जिथे त्याचे मित्र होते ती एकच जागा, आणि तो आपली बाजू मांडायलाही तिथे नव्हता.

मी तुमच्या बाबांना फोन लावला. तिकडे अजून गुरुवारची संध्याकाळ होती.

"आई, तू नक्की काय केलंस?"

"दुरुस्त केलं."

"सगळं?"

"अकरा प्रकरणं. परिशिष्ट राहिलंय."

"परिशिष्टाचं नशीब."

मी म्हटले, थट्टा नंतर कर, आधी शिबिरातल्या शिक्षकांना गाठ. बाबांनी प्रयत्न केला. तिथे डोंगरात फोन लागत नव्हता, आणि कोणी आजारी असेल तरच निरोप पोहोचवू असे शाळेने सांगितले. मग मी म्हटले, त्याच्या नावाने मीच उत्तर लिहिते, की चूक झाली, क्षमा असावी. बाबा म्हणाले, ते करू नकोस, त्याच्या नावाने आधीच पुरेसं लिहून झालंय. हे मला लागले, पण खरे होते.

"मग माझ्या नावाने लिहिते."

"विश्वास ठेवतील? मुलं आहेत ती. आजीने केलं, हे कारण शाळेतसुद्धा चालत नाही."

मी म्हटले, माझ्याकडे वही आहे. एकसष्ट नोंदी, माझ्या अक्षरात, तारखांसकट. खोडसाळपणा करणारा माणूस प्रत्येक खोडीचे कारण लिहून ठेवत नाही. पानांचे फोटो पाठवते. बाबा म्हणाले, आधी मला पाठव, काही भलतंसलतं नाही ना ते बघतो.

इथे मी थांबले. वहीची बाकीची सगळी पाने त्यांनी पाहिली असती तरी मला काही वाटले नसते. पण अठ्ठावन्नावी नोंद होती.

दहाव्या प्रकरणात पाचवा भाग बनवणाऱ्या लोकांची माहिती होती. त्यात एक परिच्छेद असा: पुण्याच्या एका उपनगरात एक मुलगा होता. दहावीच्या परीक्षेआधी त्याच्या आईने त्याचे यंत्र माळ्यावर ठेवले. परीक्षा संपल्यावर तो स्टुलावर चढला आणि त्याने ते खाली काढले. ते बिघडले होते, म्हणून त्याने उघडले आणि स्वतः दुरुस्त केले. पुढे हाच मुलगा त्या कंपनीत गेला आणि पाचव्या भागातला खोल समुद्र त्याने रचला.

बुधवारी हे वाचताना तो मुलगा कोण, ते मी ओळखले होते. ओळखले नाही असे मी म्हणणार नाही. मग मी सगळा परिच्छेद काढून टाकला आणि तिसऱ्या रकान्यात लिहिले, "आधार नाही."

खरे ते असे. तुमच्या बाबांना मी तेव्हा सांगितले होते की यंत्र माळ्यावर ठेवले आहे, परीक्षा झाली की मिळेल. पण त्याच आठवड्यात मी ते भंगारवाल्याला देऊन टाकले होते. माळ्यावर राहिले असते तर मुलगा रोज स्टूल शोधत बसला असता, असा माझा हिशेब. शेवटचा पेपर देऊन आल्यावर तो माळ्यावर चढला, पितळी भांडी आणि गाद्या बाजूला करून पाहिल्या, खाली उतरला आणि हात धुऊन जेवायला बसला. मला एक शब्द विचारला नाही. मीही काही बोलले नाही. त्यानंतर आम्ही कधीच त्याविषयी बोललो नाही, आणि मी समजत होते की तो विसरला.

वहीची पाने मी एकेक करून पाठवली. अठ्ठावन्नाव्या नोंदीचे पानही पाठवले. ते वगळले असते तर मुलांनी क्रमांक पाहून विचारले असते, आणि मुख्य म्हणजे वहीतले पान वगळणे मला जमत नाही. फोन चालूच होता. बाबा पाने चाळत होते, मधूनच एखाद्या नोंदीला हसत होते. मग हसणे थांबले. दार लागल्याचा आवाज आला. तेच हे दार.

"हे त्यानं लिहिलं होतं?"

"हो."

"माळ्याचं त्याला मीच सांगितलं होतं. एकदाच. मला वाटलं नव्हतं तो लक्षात ठेवेल." मग म्हणाले, "आणि तू काढलंस."

"काढलं."

"आधार नाही म्हणून."

मी हो म्हटले. बाबांनी विचारले, यंत्र माळ्यावर कधी होतं तरी का? मी म्हटले, तीन दिवस होतं. मग भंगारात दिलं. तुला खोटं सांगितलं. तिकडे तुमची आई जेवायला हाक मारत होती, ती मला ऐकू आली. दुसरी हाकही ऐकू आली. शेवटी बाबा म्हणाले, "पाठव पानं. सगळी पाठव. मी येतो जेवून." आणि फोन ठेवला.

मी मुलांना पत्र लिहिले. शाळेत शिकवली होती तशी नीट इंग्रजी रचना, तीन परिच्छेद: मी कोण, मी काय केले, आणि ज्याचे नाव दिसते आहे तो शिबिरात आहे आणि त्याला यातले काहीही माहीत नाही. खाली वहीच्या एकोणीस पानांचे फोटो.

शनिवारी दिवसभर मी टॅबजवळून हलले नाही. कामवाल्या बाईंनी विचारले, आजी, कुणाचा निकाल आहे का? मी म्हटले, आहे. दुपारपर्यंत दोघांनी काढावे म्हटले होते, एकाने राहू द्यावे. एकाने लिहिले की ही कारणे वाचून तो तासभर हसत होता. दुसऱ्याने लिहिले की सत्तावीस आणि चाळीस या नोंदी बरोबर आहेत, आपल्याच कल्पित इतिहासात आपण सातवा भाग सहाव्याच्या आधी काढला आहे. तरी त्याने मत दिले नाही. मतदान मांडणाऱ्याने एकच प्रश्न विचारला. बाकीच्या दुरुस्त्यांना प्रत्येकी दोन ओळींची कारणे आहेत, अठ्ठावन्नला दोनच शब्द का?

मी उत्तर लिहायला घेतले, ते चार वेळा खोडले. पाचव्यांदा जे झाले होते ते सरळ लिहिले. तो मुलगा माझा मुलगा आहे, यंत्र माळ्यावर नव्हते, आणि ते वाचणे मला सोसले नाही.

रविवारी दहाला पाच मिनिटे असताना शेवटचे मत आले. चार विरुद्ध दोन. थोरला राहिला. त्याला महिनाभर मजकुरात बदल करता येणार नव्हता, आणि आजीच्या टॅबवरून त्याचे नाव तत्काळ काढावे अशी सूचना होती. मी ती दहा वाजून दोन मिनिटांनी अमलात आणली. कसे काढायचे ते समोरच्या फ्लॅटमधल्या इंजिनियर मुलीने दाखवले.

सोमवारी सकाळी थोरल्याचा फोन आला. शिबिरातून येऊन त्याने सगळे वाचले होते. मी आधीच ठरवलेली क्षमा मागायला सुरुवात केली, तर त्याने मध्येच तोडले.

"आजी, प्रस्तावना आधी वाचायची असते."

"हो रे."

रागावला होता, आवाजावरून कळत होते, आणि तो राग पुढे दोन आठवडे टिकला. पण फोन ठेवण्याआधी त्याने विचारले की बाबांना खरे सांगितलेस का. मी म्हटले, सांगितले. बाबा काय म्हणाले? काही नाही, म्हटले, जेवायला गेले. तेव्हाही असेच गेले होते.

मी त्याला विचारले की दहाव्या प्रकरणातला तो परिच्छेद आता कसा ठेवणार. हवे तर मी खरे काय घडले ते नीट लिहून देते, म्हणजे चूक राहणार नाही.

"नको," तो म्हणाला. "आमच्या इतिहासात ते माळ्यावरच आहे."

मी बरे म्हटले. फोन ठेवून वही उघडली आणि अठ्ठावन्नाव्या नोंदीवर एक सरळ रेघ मारली.