मावशीचा पहिला हंगाम

सरकारी दवाखान्याच्या मुलांच्या वॉर्डात नर्स म्हणून उभी हयात काढून मावशी निवृत्त झाली, तेव्हा तिने घरात जाहीर करून टाकलं, "आता मी कुणाचं दुपटं बदलणार नाही." वॉर्डातल्या डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे तिला मावशीच म्हणायचे. ते नाव तिला इतकं चिकटलं होतं की शेजारीपाजारीही तेच वापरत. दुपारी पाय पसरून झोपायचं, एवढीच तिची पुढची योजना होती.

योजनेवर पाणी फिरवलं सुनेने. सून बास्केटबॉल खेळायची, हौसेने नव्हे तर पगारावर, एका क्लबच्या बायकांच्या संघात. चेंडू घेऊन पुढे घुसायचं आणि बाकीच्यांना खेळवायचं हे तिचं काम. भिंगरीसारखी फिरते म्हणून संघात तिचं नाव भिंगरीच पडलं होतं. तिला मुलगी झाली. मुलीच्या पाचव्या महिन्यात हंगाम सुरू होणार होता. मुलगी अंगावर पीत होती, नवऱ्याची कारखान्यात पाळीची नोकरी होती, आणि सुनेची आई केव्हाच वारली होती. बाळाबरोबर एक माणूस दौऱ्यावर चालेल, असं क्लबने मान्य केलं. तो एक माणूस कोण, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

"बाळंतपणानंतर कुणी उड्या मारतं का?" मावशी म्हणाली.

"आई, माझी नोकरी आहे ती," सून म्हणाली. "तुम्हीही दुसऱ्या महिन्यात वॉर्डात परत गेला होतात ना?"

मावशीने बॅग भरली.

संघाच्या कोचबाई म्हणजे मोजून मापून बोलणाऱ्या. बसमध्ये सामानाच्या फळीवर दुपटी वाळत घातलेली पाहून त्यांनी विचारलं, "हे काय आहे?"

"ओली आहेत. दमट ठेवली तर वास मारतील," मावशी म्हणाली.

कोचबाईंनी काही क्षण दुपट्यांकडे पाहिलं आणि त्या पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. मावशीने ती परवानगी समजली.

खेळ तिला आधी अजिबात कळेना. कुणी पावलं जास्त टाकली की शिट्टी, कुणाचा हात लागला की शिट्टी. "एवढ्या शिट्ट्या तर आमच्या दवाखान्याच्या पहारेकऱ्यानेही वाजवल्या नाहीत," ती म्हणायची. पण मुलगी, जिला सगळे ठमी म्हणत, त्या गोंगाटातच सुखाने झोपे. लाकडी जमिनीवर बुटांची चिरचिर सुरू झाली की तिचे डोळे मिटायला लागत. ढोल वाजणार असले की मावशी तिच्या कानांत कापूस घाली. मध्यंतर झालं की ठमीला उचलून थेट कपडे बदलायच्या खोलीत. तिथे मलमाचा आणि घामाचा वास, पायांना चिकटपट्ट्या गुंडाळणाऱ्या पोरी, बर्फाच्या बादल्या. कोचबाई फळ्यावर रेघा मारून ओरडत असायच्या आणि सून कोपऱ्यात बसून मुलीला पाजता पाजता मान हलवत ऐकायची.

हळूहळू मावशीचंही मन रमलं. लग्न झाल्यापासून ती स्वतःच्या घराबाहेर झोपली होती ती रात्रपाळीलाच. आता दर आठवड्याला नवं गाव, खिडकीची सीट, कुणीतरी दुसऱ्याने अंथरलेला पलंग. पोरी तिच्याजवळ येऊन बसायच्या. कुणाचं घरी भांडण, कुणाचा गुडघा दुखतोय. मावशी ऐकायची आणि बहुतेक वेळा "जेवलीस का?" एवढंच विचारायची. संघ जिंकत होता, हरत होता, पण पहिल्या चारात टिकून होता. त्या चार संघांनाच पुढची फेरी मिळायची.

मग ती दुपार आली. परगावी सामना होता, गुणतक्त्यात वरच्या संघाशी. सकाळी सून सरावाला गेली, तिथूनच ती थेट सामन्याला जाणार होती, आणि इकडे ठमीचं अंग तापलं. मावशीने हात लावताच ओळखलं, असे ताप तिने ढिगाने पाहिले होते. घसा तांबडा, कान ठीक, मूल डोळ्यांत डोळे घालून बघतंय. घाबरण्यासारखं काही नाही. संघाच्या डॉक्टरांना बोलावलं, त्यांनीही तेच सांगितलं आणि औषध दिलं. डॉक्टर कोचबाईंशी बोलले. परत येऊन म्हणाले, "मावशी, भिंगरीला आत्ताच सांगायचं का?"

"नको," मावशी म्हणाली. "उगाच जीव टांगणीला लागेल. मी आहे ना."

मध्यंतराला तिने हॉटेलवरूनच निरोप पाठवला की ठमी गाढ झोपली आहे, उठवत नाही, काढून ठेवलेलं दूध देईन. ठमी झोपली नव्हती. मावशीच्या खांद्यावर किरकिरत होती.

सून त्या दिवशी जशी खेळली तसं हंगामात कुणी खेळलं नव्हतं. संघ जिंकला. ती हसत, ओल्या केसांनी हॉटेलच्या खोलीत आली आणि मुलीच्या कपाळावरची ओली पट्टी पाहून दारातच थबकली.

"उतरलाय आता," मावशी म्हणाली. "सकाळी होता थोडा."

"सकाळी?"

डॉक्टर मागून आलेच होते. "मावशींनी सगळं व्यवस्थित सांभाळलं," ते म्हणाले. "कोचनाही मी कल्पना दिली होती."

सुनेने आधी मुलीला घेतलं, तिच्या मानेला गाल लावून पाहिला. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. मला सोडून."

"सांगितलं असतं तर तू खेळली नसतीस."

"ते मी ठरवलं असतं, आई. तुम्ही नाही."

परतीच्या प्रवासात सुनेने ठमीला मावशीकडे दिलंच नाही. घरी आल्यावर सुनेने नवऱ्याला रजा काढायला लावली. पुढच्या दौऱ्यांना तोच येणार होता. मुलगा आईजवळ येऊन चुळबुळत म्हणाला, "तू जरा आराम कर."

मावशीला आता हवा तेवढा आराम होता. दुपारी पाय पसरले तरी झोप येईना. पहिल्यांदा ती फणफणली: एवढं केलं, वर हे! शेजारणीने तिची री ओढली, "आजकालच्या सुना अशाच." ते ऐकून मात्र तिला बरं वाटायच्या ऐवजी उलट वाईटच वाटलं. टीव्हीवर तिने सामना पाहिला. संघ हरला. कॅमेरा एकदा प्रेक्षकांवर फिरला, तेव्हा मुलगा रडणाऱ्या ठमीला कसाबसा झुलवत-थोपटत होता. कानांत कापूस नव्हता. मावशीने फोन हातात घेतला आणि परत ठेवून दिला.

पुढच्या आठवड्यात ती एकटीच एसटी पकडून परगावी गेली, जिथे संघ उतरला होता तिथे. कुणी बोलावलं नव्हतं. सकाळची न्याहारी चालू होती. सून एकटीच कोपऱ्यातल्या टेबलाशी चहा घेऊन बसली होती. मावशीला पाहून ती उठली, सवयीने तिने खुर्ची ओढून दिली आणि पुन्हा चहाकडे वळली.

मावशीने आजवर सुनेची काय, कुणाचीच माफी मागितली नव्हती. शब्द कुठून सुरू करावेत तेही तिला ठाऊक नव्हतं.

"तुझा नवरा चार वर्षांचा असताना जिन्यावरून पडला," ती म्हणाली. "हात मोडला. शेजारणीने वॉर्डात निरोप पाठवला. वॉर्ड भरलेला होता. मोठ्या सिस्टरने तो निरोप माझी ड्यूटी संपेपर्यंत दाबून ठेवला. मी तोवर दुसऱ्यांच्या पोरांना औषधं पाजत होते, हसत होते. त्या बाईशी मी पुढे कामापुरतंसुद्धा नीट बोलले नाही."

सुनेने कप खाली ठेवला. "आणि तरी तुम्ही तेच केलंत?"

"आणि तरी. माझं चुकलं, पोरी."

सुनेने कप बशीत फिरवला. मग म्हणाली, "खरं सांगू? तुम्ही सांगितलं असतंत तर मी कदाचित खेळलेही असते. तुम्ही आहात म्हणून. हे मनात आलं ना, त्याने राग जास्त आला. तुमचा की माझा, काय माहीत."

"माझ्यावरच काढ," मावशी म्हणाली. "मला सवय आहे."

तेवढ्यात मुलगा ठमीला घेऊन आला. त्याचे डोळे सुजलेले, शर्टाला दुधाचे डाग. आईला पाहून त्याचा चेहरा असा काही उजळला की दोघींना हसू आवरेना. "मी आज संध्याकाळी गेलो तर चालेल?" त्याने विचारलं.

"सामना बघून जा," सून म्हणाली. "पण ठमी आईंकडे."

संघ चौथा आला आणि उपांत्य फेरीत पोहोचला. त्या सामन्यात सून जीव तोडून खेळली, पण शेवटची काही मिनिटं उरली असताना तिचा पाचवा फाऊल झाला. पाच झाले की खेळाडू बाहेर, तो नियम एव्हाना मावशीलाही पाठ होता. सून डोक्यावर टॉवेल घेऊन बाकावर बसली आणि उरलेला सामना तिने मान वर न करता ऐकला. संघ थोडक्यात हरला. परतीच्या बसमध्ये पोरी खिडक्यांना डोकं टेकून बसल्या. ठमी रांगत पुढे गेली, तेव्हा कोचबाईंनी तिला उचलून मांडीवर घेतलं आणि ती त्यांची शिट्टी चघळत असतानाही काढून घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी घरी सून पाय गरम पाण्यात सोडून बसली होती. "तो फाऊल नव्हताच," ती म्हणाली. "पंचांनी उगाच दिला."

मावशी दुपट्यांच्या घड्या घालत होती. खोटं बोलायचं की खरं, याचा तिने क्षणभर विचार केला.

"होता," ती म्हणाली. "तू ढकललंस तिला. मी पाहिलं."

सुनेने डोळे वटारले, काही बोलायला तोंड उघडलं, आणि मग पाण्यात पाय आपटत म्हणाली, "थोडंसंच ढकललं."