बांधीच्या वाटंवरच्या काट्या

पोट्टी नाई. आत्ता तणशीच्या ढिगाजवळ बसून होती, मागं वळून पायते त जागा खाली. अडीच वर्साची ते, अन् धानाच्या बांधीच्या त्या टोकाले बिनकठड्याची विहीर.

तवा मी भांडून राहिली होती. धान कापून झालं का आमच्या खाली झालेल्या बांधीत वरठीच्या कारखान्यातले लोक रविवारी क्रिकेट खेळाले येतात. बाजूच्या बांधीत डाळीसाठी लाखोरी पेरली आहे, बॉल गेला का हे त्यात शिरतात. नवरा सकाळीच म्हणाला, "वाटंवर काट्या टाक, मंग पायतो कसे येतात." मी काट्या ओढत आली त मॅच सुरू, बॉल लाखोरीत, अन् सारे तो शोधून राहिले.

"वहिनी, येवढी मॅच होऊ द्या न," मिशीवाला अंपायर म्हणे.

"काहून? लाखोरी का तुमची माय पेरते?" मी म्हटलं, अन् मागं वळली.

मी ओरडली तसा एक जण विहिरीकडं पळाला. वाकून पायलं, म्हणे, "इथं नाई, वहिनी, पाणी साफ आहे." बाकीचे, बॉल शोधाले राहतात तसे, हाताहाताच्या अंतरानं रांगंत उभे झाले अन् धुऱ्याच्या बांधाकडंनं लाखोरीतून निंगाले. मी त्याईच्या मागं, पदर कुठं, चप्पल कुठं.

धुऱ्याच्या आडोशाले, लाखोरीत बसून होती पोट्टी. मांडीवर बॉल, तोंडात कवळी पानं.

"वहिनी, कॅच धरला पोरीनं," अंपायर म्हणे, "गडी आऊट." मले हसू आलं अन् रडू बी.

लाखोरीचा मात्र पट्टाच्या पट्टा तुडवला गेला. संध्याकाळी नवऱ्यानं तो पायला. "काट्या नाई टाकल्या?"

सासू म्हणे, "राहू दे गा. ते खेळतात त माकडं उतरत नाईत. मागच्या साली कोणी नोयतं, साऱ्या शेंगा माकडाईनं खाल्ल्या."

"माकडं खातात, हे तुडवतात. फरक काय, माय? पुढच्या रविवारच्या आत वाट बंद झाली पायजे."

मी चूल पेटवाले गेली. आता उद्या रविवार. काट्या वाटंच्या बाजूलेच पडून आहेत. पोट्टी हरवली होती अन् त्याईनंच शोधली, हे सांगितलं त वाट खुली राहीन, पण जलमभर मलेच बोलणी बसतीन. नाई सांगितलं त माह्याच हातानं काट्या टाकाच्या.

तुमी माह्या जागी असत्या त काय केलं असतं?