गोदामातली गाणी आणि माझं पत्रक

परदेशी गाण्यांविषयीचं माझं मत ती ऐकायच्या आधीच तयार होतं. आमच्या घरी बहुतेक मतं अशीच तयार असायची. वडील वकील, पण त्यांचा जीव कोर्टापेक्षा पत्रकांत. निजामी होती तेव्हा त्यांनी चोरून पत्रकं वाटली, भाषावार राज्यं व्हावीत म्हणून उघड वाटली, आणि राज्यं झाल्यावर ती नीट झाली नाहीत म्हणूनही वाटत राहिले. पुढच्या खोलीत टेबलाखाली सायक्लोस्टाइलचं यंत्र होतं. मी अक्षरं गिरवली ती उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर, आणि वाचायला शिकले ती छापलेल्या बाजूवर. 'जाहीर निषेध' मला 'कमळ' आणि 'बदक'च्या आधी वाचता येत होतं.

घराचा एक नियम होता. बाहेर जाणारा कुठलाही कागद रात्रीची जेवणं झाली की सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचा. शाळेतली रजेची चिठ्ठीसुद्धा. आई ताटं उचलता उचलता म्हणायची, "शेवट मिळमिळीत झालाय गं." मग शेवट कडक व्हायचा. ताप आला म्हणून मागितलेली रजासुद्धा आमच्याकडून हक्काची मागणी होऊन जायची.

या घरात एकच माणूस असा होता की ज्याला कुणाकडून काही मागायचं नव्हतं. माझा काका. वडिलांचा सगळ्यात धाकटा भाऊ, हैदराबादला आबिड्सच्या एका सरकारी कचेरीत कारकून, लग्न न झालेला. चिक्कडपल्लीतल्या आमच्या घरात त्याची एक खाट आणि एक गिटार होती. दर रविवारी दुपारी तो गिटार घेऊन मागच्या गल्लीतल्या शामियान्यावाल्याच्या गोदामात जायचा. शामियान्यावाल्याचा थोरला मुलगा ड्रम वाजवायचा. गाणारा नामपल्ली स्टेशनात तारखात्यात होता, म्हणून तारवाला. त्याचा मेहुणा जहाजावर नोकरीला, आणि तो बंदराबंदरांतून तबकड्या पाठवायचा. या तबकड्यांवरची गाणी बसवायची, एवढाच त्या तिघांचा उद्योग.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना काका एकदा म्हणाला, "तुझं अक्षर चांगलं आहे, कान बरे आहेत. तबकडी ऐकून शब्द उतरवून दे. तोंड मात्र घरी ठेवून ये."

मी गेले ती भांडायच्या तयारीनंच. ही साखर आहे, भुकेल्या देशांना चघळायला दिलेली, असं एक वाक्य मी वाटेतच जुळवून ठेवलं होतं.

गोदामात छतापर्यंत सतरंज्यांच्या गुंडाळ्या रचलेल्या होत्या. त्या आवाज पिऊन टाकायच्या, म्हणून बाहेर गल्लीत काही ऐकू जायचं नाही. तारवाल्यानं सुई टेकवली. आधी खरखर. मग ड्रमचे चार ठोके, मध्ये मोकळी जागा सोडून, कुणीतरी दार वाजवून थांबल्यासारखे. मग व्हायोलिनं एकदम आली, आणि त्यांच्यामागून तीन अमेरिकन मुली. त्या कुठल्यातरी मोठ्या रिकाम्या दालनात उभ्या असाव्यात असा त्यांचा आवाज घुमत होता. मला एक रस्ता दिसला. दुकानं बंद होताहेत, दिव्यांखाली फरशी ओली आहे, आणि एक मुलगी कोटाची कॉलर वर करून उभी आहे. तिला एक माणूस यायला हवा आहे. बाकी काही नको. माझं वाक्य तयार होतं, पण ते बोलायला मध्ये जागाच मिळाली नाही.

दुसरी तबकडी इटलीची. गाणाऱ्यानं सुरुवात इतकी हळू केली की शेजारच्या खोलीत कुणी झोपलं असावं. दीडेक मिनिटानं तोच माणूस टेकडीवर उभा राहून सगळ्या शहराला सांगत होता. भाषा आमच्यातल्या कुणालाच येत नव्हती, तरी त्याचं काय हरवलं आहे याविषयी कुणाला शंका नव्हती. तिसरी फ्रान्सची. ती मुलगी गात नव्हतीच जवळजवळ. टेलिफोनवर बोलावं तशी बोलत होती, आणि मागे एक गिटार तिचं ऐकत होती.

"यात मजूर कुठे आहेत?" मी शेवटी विचारलं.

काकानं तबकडीबरोबर ठेका धरून दमलेल्या ड्रमवाल्याकडे बोट केलं. "तो काय, घामाघूम झालाय."

ड्रमवाला टॉवेलनं मान पुसत म्हणाला, "मेरेकू तो एक बात समझती नैं. इनके गानों में मामा, काका, फुफी कोई रहतेच नैं क्या? बस एक छोकरी और एक छोकरा, और पूरा शहर खाली!"

त्याचं खरं होतं. तेवढ्यासाठीच ती गाणी मला आवडू लागली असावीत. पत्रकवाल्यांच्या घरातली असल्यामुळे मी आधी बांधणी पाहिली, आणि बांधणी पाहूनच थक्क झाले. आमची पत्रकं पहिला परिच्छेद इतिहासात घालवायची. ही गाणी पहिल्या ओळीतच मनगट धरायची. मुख्य ओळ तीनदा यायची, दर वेळी थोडी वरून, आणि तीन मिनिटांत सगळं आटोपलेलं असायचं. आटोपलेलंही नाही. पुष्कळ गाणी संपायचीच नाहीत, नुसती लांब लांब जायची, पडद्यावर मोटार रस्त्यानं जाते आणि आपण तिथंच राहतो तशी. वाजवताना हे कसं करायचं यावर त्या तिघांनी डोकं लढवून एक युक्ती काढली होती. वाजवता वाजवता एकेक पाऊल मागे सरकायचं, सतरंज्यांच्या आड. ड्रमवाल्याला उठता येत नसे, म्हणून तो काठ्या टाकून बोटांनी वाजवत राहायचा.

आणि या गाण्यांत 'आम्ही' नव्हतं. 'मी' होतं आणि 'तू' होतं. आमच्या घरात 'मला हवं आहे' हे वाक्य कुणी बोलत नसे. एकट्यासाठी काही मागणं म्हणजे आमच्याकडे जरा हलकंच काम. ही माणसं मात्र उघडपणे, लाज न बाळगता, शंभर व्हायोलिनं मागे उभी करून एकच गोष्ट मागत होती. जाऊ नकोस. मला त्यात हलकं काही सापडेना. उलट धैर्य वाटायचं. पोलिसांसमोर पत्रक वाटायला लागतं तसलं नव्हे, वेगळं. आजही तसंच वाटतं.

वर्षभर मी दर रविवारी गेले. वह्याच्या वह्या भरल्या. आणि मग काकाच्या कचेरीत अंतिम यादी लागली.

राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा हैदराबाद राज्याचे तुकडे पडले. मराठी जिल्हे पलीकडे गेले, शहर आंध्रात आलं. सरकारी नोकरांचीही वाटणी झाली, आणि कुणी कुठे जायचं याच्या तात्पुरत्या याद्या, हरकती, पुन्हा याद्या हे वर्षानुवर्षं चाललं. काकाच्या सेवापुस्तकात मूळ गाव म्हणून नांदेडजवळचं एक खेडं लिहिलेलं होतं. त्यानं ते आयुष्यात दोनदा पाहिलं होतं, दोन्ही वेळा लग्नासाठी. अंतिम यादीत त्याचं नाव महाराष्ट्राकडे लागलं. नेमणूक नांदेडला.

वडिलांना यात वाईट काही दिसेना. "ज्या राज्यासाठी आपण पत्रकं वाटली ते मिळालं. आता तू इथं बसून गिटार वाजवणार?"

"मग तुम्ही चला की, दादा."

"माझी वकिली इथं आहे."

"माझं बाकीचं सगळं इथं आहे," काका म्हणाला.

त्याच्या साहेबांनी एक वाट काढली होती. साहेब जुने हैदराबादी, नोकरीची शेवटची वर्षं. नांदेडच्या कचेरीत एक तेलुगू कारकून अडकून पडला होता. त्याचं घर, बायको, मुलगी आमच्याच चिक्कडपल्लीत. दोघांनी आपसी बदलीचा, म्हणजे एकमेकांच्या जागी जाण्याचा, अर्ज द्यायचा, साहेब दोन्ही कागद एकदम वर पाठवणार, पुढचं ते बघणार. काकानं मसुदा केला. दोनच वाक्यं. माझा जन्म या शहरात झाला आहे. मला इथंच राहू द्यावं ही विनंती. तो त्यानं मला सुवाच्य लिहायला दिला.

"काका, ही भीक आहे."

"विनंती आहे. सकाळपर्यंत दे. आणि जेवणानंतर वाचू नकोस."

मी वाचला नाही. अर्ज जसाच्या तसा लिहून दिला. पण त्या दोन वाक्यांनी मला झोप येईना. ज्याच्याबरोबर मी वर्षभर ती गाणी ऐकली, त्याला एका वहीतल्या गावाच्या नावावरून उचलून नेणार, आणि त्यानं म्हणायचं 'विनंती'? एवढ्याशा कागदामागे कुणीतरी उभं राहायला हवं होतं. ते उभं करणं मला येत होतं.

दुसऱ्या दिवशी वडील कोर्टात गेल्यावर मी स्टेन्सिल कापलं. वर मथळा: 'माणसं म्हणजे फायली नव्हेत!' खाली मराठीत आणि इंग्रजीत, हैदराबादचा एक कारकून आणि नांदेडचा एक कारकून, दोघांची कहाणी. नावं नाहीत. 'आम्ही मागणी करतो' पाच वेळा. शेवट कडक. शाई संपेपर्यंत प्रती काढल्या आणि दुपारच्या सुट्टीत काकाच्या कचेरीच्या फाटकाशी उभी राहून वाटल्या. लोक वाचत होते, थांबून वाचत होते. मला वाटलं, व्हायोलिनं आली.

संध्याकाळी काका घरी आला. त्यानं पत्रक वडिलांसमोर टेबलावर ठेवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "स्टेन्सिलवरचं अक्षर तुझं."

वडिलांनी चष्मा लावून वाचलं. "भाषा चांगली आहे," ते म्हणाले.

"उत्तम आहे. वरच्या साहेबांनीही वाचली. सरकारी नोकरानं बाहेर चळवळ केली म्हणून दोन्ही अर्ज तासाभरात खाली परत आलेत. मंगळवारी नांदेडला हजर व्हायचंय."

"पण तू थोडंच लिहिलंस!" मी म्हणाले.

"आमचे साहेब काय म्हणाले सांगू? 'मियाँ, दो काग़ज़ साथ ऊपर जाते, कोई पढ़ता भी नहीं. अब सब पढ़ लिए.'"

एवढं बोलून तो हातपाय धुवायला गेला. रागावला असता तर मी भांडले असते. भांडायचं मला चांगलं येतं.

दोन दिवसांनी नांदेडच्या कारकुनाची बायको आमच्याकडे आली. आईला तेलुगू चांगलं यायचं. त्या बाईनं विचारलं, "आमच्या ह्यांचं नाव कागदात कुणी घातलं?"

"नाव नाही घातलं हो कुणाचं," आई म्हणाली.

"मग सगळ्यांना कसं कळलं?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी पुढे होऊन सांगितलं की लिहिणारी मी. माझं तेलुगू मोडकं, त्यामुळे कारणं द्यायची सोयच नव्हती. ती बाई माझ्याकडे वळून म्हणाली, "मुलगी रोज बापाविषयी विचारते, नान्ना कधी येणार. आता काय सांगू, ते तू सांग." आईनं दिलेला चहा तसाच ठेवून ती गेली.

शेवटच्या रविवारी मी गोदामात जायचं नाही असं ठरवलं होतं. काका दारात गिटार घेऊन उभा राहिला. "चल. एका गाण्याचे शब्द अर्धे राहिलेत."

तारवाला तबकड्या पुसत राहिला. ड्रमवाल्यानं स्क्रू आवळता आवळता एवढंच म्हटलं, "हमारी मैडम की क़लम बहुत तेज़ है, भाई. सीधा नांदेड तक जाती."

मी वही उघडून बसले आणि काकाला हळूच म्हणाले, "माझ्यामुळे झालं."

"हो. तुझ्यामुळे झालं." त्यानं तारा जुळवल्या. "मला राहायचं होतं. मी नीट मागितलं होतं. तुला ते कमी वाटलं."

खरंच त्याचे शब्द मला कमी वाटले होते. इटलीतल्या माणसानं तेच म्हटलं तर माझ्या अंगावर काटा यायचा, आणि घरातल्या माणसानं म्हटलं तेव्हा मी त्याला मथळा लावला.

गाणं अमेरिकेतलं होतं, त्या तीन मुलींच्या गाण्यासारखंच, पण एका पुरुषाचं. सुरुवातीला गिटारचे दोनच सूर, पुन्हा पुन्हा, पाण्याच्या थेंबांसारखे. तारवाला गायला लागला आणि ते गोदाम, सतरंज्या, बांबू, सगळं जणू सिनेमाच्या पडद्याएवढं मोठं झालं. कुठेतरी समुद्राकाठचा रस्ता होता, मोटारीचा पिवळा उजेड होता, आणि एक माणूस 'राहू दे मला' एवढंच म्हणत होता, दर वेळी थोडं वरून. मी शब्द उतरवायचे होते. उतरवले नाहीत. काका डोळे मिटून वाजवत होता. इतकं सुंदर तो आधी कधी वाजवत होता की नाही हे मला सांगता येत नाही, कारण आधी मी बांधणी बघत होते.

सोमवारी सकाळच्या गाडीनं तो गेला. त्यानंतर मी इतरांसाठी पुष्कळ पत्रकं लिहिली, अजूनही लिहिते. पण आता आधी त्या माणसाला विचारते, तुला हे जाहीर हवं आहे का. बरेच जण नको म्हणतात.

काका अजून नांदेडलाच आहे. तो तेलुगू कारकूनही तिथंच, त्याच्या शेजारच्या टेबलावर. दोघं दुपारी डबा एकत्र खातात, असं काका लिहितो. अदलाबदलीला दोघांनाही दुसरा माणूस मिळालेला नाही.