दिवसपाळी, रातपाळी आणि माझे साडू

माझ्या साडूंना घडवताना देव एकाच वेळी दोन कामं करत असावा. एका हाताने माणूस चालू होता, दुसऱ्या हाताने यंत्रमाग, आणि मध्येच पाळी सुटल्याची घंटा झाली. जे अर्धंमुर्धं हाताशी होतं ते एकमेकांना जोडून त्याने वाशीम जिल्ह्यात ठेवून दिलं, आणि वाशीम जिल्ह्याने लवकरच सुरतेला पाठवून दिलं. गेली बावीस वर्षं साडू भेस्तानच्या एका खात्यात आहेत. मागांच्या शेडला इथे खातं म्हणतात. आधी ते माग चालवायचे, आता मास्तर आहेत, म्हणजे माग बिघडला तर माग दुरुस्त करतात आणि कामगार बिघडला तर कामगार. पाळी बारा तासांची. एक पंधरवडा दिवसाची, एक रात्रीची. त्या खडखडाटात त्यांचे कान कधी गेले ते त्यांनाही कळलं नाही. बहिऱ्या माणसाला सगळं जग बहिरं वाटतं, त्यामुळे साडू जे बोलतात ते एका घरापुरतं कधीच राहत नाही. एकदा सुरतेतच पर्वत पाटियाला आमच्याकडे आले असताना माझ्या कानाला लागून त्यांनी गुपित सांगितलं, "तुमच्या शेजाऱ्याचं पोट्टं दारू पेते वाटते." पलीकडच्या गॅलरीतून शेजारी नम्रपणे म्हणाले, "नाही हो, खोकल्याचं औषध आहे ते."

माझी बायको आणि त्यांची बायको सख्ख्या बहिणी. मेहुणी होती तोवर साडूंना घर म्हणजे जेवण्याची आणि झोपण्याची जागा एवढंच माहीत होतं. होळीनंतर मेहुणीला कावीळ झाली. साधी वाटली. पंधरा दिवसांत ती गेली. मागे दोन मुली. मोठी नववीत जाणार होती, धाकटी तिसरीत.

तेराव्याच्या दिवशी सासूबाई सरळ म्हणाल्या, "पोरी मी वाशीमले नेतो. बारा तास बाप घरी नाई, पोरी कोनाच्या भरोशावर राहातीन?" साडूंना ते दोनदा ओरडून सांगावं लागलं. दुसऱ्यांदा ऐकू आलं तेव्हा ते उठून सासूबाईंच्या पायाशी येऊन बसले. म्हणाले, "दिवाळीलोक थांबा, आई. शाळेचं वर्स लागू द्या. मी घर चालवून दाखवतो. नाई चाललं तं घेऊन जा, मी आडवा नाई येत." सासूबाईंनी दिवाळीपर्यंतची मुदत दिली.

जूनमध्ये शाळा उघडायच्या आदल्या दिवशी साडूंनी तक्ता लावला. कागदावर नाही, कापडावर. खात्यातून दोन मीटर कोरं कापड आणून त्यावर निळ्या खडूने रेघा मारल्या आणि ते भिंतीला ताणून असं ठोकलं की त्यावर क्रिकेटचा चेंडू टप्पा घेईल. डावीकडे दिवसपाळीचा पंधरवडा, उजवीकडे रातपाळीचा. मोठीची शाळा सकाळची, धाकटीची दुपारची, त्यामुळे कोण कधी घरात, कुलूप कोण लावणार, किल्ली कुठे ठेवणार, सगळं मिनिटामिनिटाने. स्वयंपाक, भांडी, दप्तर, गणवेश, पाणी भरणं, वेणी, पाढे. मोठीला 'मास्तर' हा हुद्दा मिळाला. धाकटीला 'फोल्डिंग', म्हणजे वाळलेले कपडे घडी करायचे. रातपाळी असली की खालच्या मजल्यावरच्या गुजराती बा मुलींच्या सोबतीला वर झोपायला यायच्या, तर तक्त्यात बांचंही नाव होतं, पुढे लिहिलं होतं 'बदली'. बा तक्त्यासमोर चष्मा लावून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मारुं नाम पण? आ भाई माणस नथी, मशीन छे." पण दुसऱ्या दिवसापासून त्या दहा मिनिटं आधी हजर व्हायला लागल्या.

जेवणाचं वेळापत्रक अख्ख्या शैक्षणिक वर्षासाठी एकदाच ठरलं. सोमवारी फोडणीचं वरण, मंगळवारी पिठलं, बुधवारी आलू-वांगं, गुरुवारी खिचडी, आणि याला अपील नाही. राखीपौर्णिमेला आम्ही गेलो तर हा गृहस्थ आम्हाला त्या वाराचं पिठलं वाढतो. मी म्हटलं, "साडूभाऊ, आज सण आहे, काही गोड?" ते म्हणाले, "गोड शनिवारी." नवरात्रात तक्त्यावर नवी ओळ आली : 'गरबा, ७.४० ते ८.५०'. दोन्ही मुली घागरे घालून ठीक सात चाळीसला गोलात शिरायच्या आणि आठ पन्नासला, आरती चालू असो की ढोल रंगात आलेला असो, गोलातून बाहेर पडायच्या. सोसायटीतले लोक त्या बाहेर पडल्या की घड्याळ लावायचे.

पोळ्या ते स्वतः करायचे. एक पोळी झाली की तव्यावरून उचलून खिडकीच्या उजेडासमोर धरायचे. कापडाचा ताका तपासताना तो असाच उजेडावर धरतात, कुठे धागा सुटलाय, कुठे जाड-बारीक विणलंय ते दिसतं. पोळीत जाड-बारीक दिसलं की ती त्यांच्या स्वतःच्या ताटात. पास झालेला माल मुलींच्या ताटात. मी कितीही शोधलं तरी मुलींच्या ताटात मला कधी नापास पोळी दिसली नाही, आणि त्यांच्या ताटात पास झालेली दिसली नाही.

एक अडचण होती. कुकरची शिट्टी त्यांना ऐकू यायची नाही. पहिल्या आठवड्यात तुरीची डाळ दोनदा छताला लागली. मग धाकटी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायला लागली. एक शिट्टी, एक बोट. दोन शिट्ट्या, दोन बोटं. तिसऱ्या बोटाला साडू गॅस बंद करायचे. तिथून ते वाढत गेलं. खात्यात आवाजामुळे कुणी कुणाशी बोलत नाही, सगळं हातांनी चालतं. धागा तुटला, मालक आला, चहा आला, थांब, चालू कर, या सगळ्याला खुणा आहेत. साडूंनी त्या खुणा घरी आणल्या आणि पोरींनी पंधरा दिवसांत उचलल्या. दप्तर भरलं, दूध नासलं, फी भरायची, गृहपाठ झाला, सगळं हवेत बोटांनी. त्या घरात मी तासभर बसायचो आणि चमचा पडल्याशिवाय आवाज व्हायचा नाही. मला तर ते मूकनाट्यच वाटायचं. घरी येऊन मी बायकोला ते करून दाखवायचो. ती हसायची आणि मग पदराने डोळे पुसायची.

मला गोष्ट रंगवून सांगायची खोड आहे. गणपतीत आमच्या सोसायटीच्या नाटकात मी वीस वर्षं काम करतो, आणि टाळी मिळाली की मला भान राहत नाही. सासूबाई दर रविवारी फोन करायच्या, आणि मुलींची खबर द्यायचं काम माझ्याकडे होतं. पिठल्याची राखीपौर्णिमा मी सांगितली, त्या हसल्या. उजेडावर धरलेली पोळी सांगितली, खूप हसल्या. माझी भूक वाढली.

मग वेणीची गोष्ट झाली. धाकटीच्या वेण्या रातपाळीच्या पंधरवड्यात साडू घालायचे. रिबिनीवर त्यांचा विश्वास नव्हता, ती सुटते. त्यांनी खात्यातला नायलॉनचा दोरा आणला आणि वेण्यांच्या टोकाला मागावरची गाठ मारली. तुटलेला धागा जोडायला विणकर जी गाठ मारतात ती पापणी लवायच्या आत बसते, आणि ती सुटू नये म्हणूनच असते. साडूंच्या बोटांना गाठ म्हणून तेवढी एकच येत होती. धाकटीच्या केसांचे पेड त्या गाठीत अडकून बसले. ती तीन दिवस तशीच शाळेत गेली, तशीच झोपली, कुणाला काही बोलली नाही. शनिवारी आमच्याकडे आली तेव्हा माझ्या बायकोने तेल लावून, सुईने, दातांनी, सगळं करून पाहिलं. शेवटी कात्री आणली. चार बोटं केस गेले. कात्री चालत असताना धाकटी म्हणाली, "मावशी, पप्पांना नको सांगू. त्यांना वाटते, गाठ चांगली बसली."

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी ती गोष्ट सासूबाईंना सांगितली. नुसती सांगितली नाही, सादर केली. साडूंचा आवाज काढला, गाठ ओढताना त्यांचा चेहरा कसा झाला असेल ते फोनवरसुद्धा करून दाखवलं. धाकटीचं ते शेवटचं वाक्य मात्र गाळलं. त्याला हशा आला नसता.

हशा बाकीच्या गोष्टीलाही आला नाही. मग सासूबाई म्हणाल्या, "मी येतो."

दिवाळीला तीन आठवडे असताना त्या आल्या. मी त्यांना स्टेशनवरून थेट भेस्तानला घेऊन गेलो. बुधवार होता. साडूंनी आलू-वांगं केलं होतं आणि ते, खोटं कशाला बोलू, उत्तम झालं होतं. सासूबाई जेवल्या. जेवताना त्यांचं लक्ष ताटात नव्हतं. मोठीने बोटं हलवली, साडूंनी मीठ दिलं. धाकटीने मनगट फिरवलं, साडूंनी पाणी ओतलं. एकदा दोघी बहिणींनी आपापसांतच काहीतरी केलं आणि गालात हसल्या. सासूबाईंचा घास हातात राहिला.

"पोरींची वाचा गेली का?" त्यांनी मला विचारलं.

"नाही हो आई, ती खात्यातली पद्धत आहे," मी म्हटलं. आत्तापर्यंत मी जे जे रंगवून सांगितलं होतं, त्यानंतर माझं हे साधं खरं कोणाला पटणार होतं?

जेवणं झाल्यावर साडू उठले. हात पुसून त्यांनी सासूबाईंना तक्त्यासमोर उभं केलं आणि खडूच्या टोकाने एकेक रकाना दाखवायला लागले. आवाज खालच्या रस्त्यापर्यंत जात होता. "आई, जूनपासून एक खाडा नाई. एक दिवस शाळा चुकली नाई. एक दिवस उपाशी नाई. मोठीचे गणितात पैकीच्या पैकी आहेत, दाखव गं." ते खरं होतं. मी तपासलं असतं तरी त्यात चूक सापडली नसती. माणूस चार महिने उभ्या उभ्या झोपून हे घर चालवत होता.

सासूबाईंनी तक्ता पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. त्यांना वाचायला वेळ लागतो. मग त्या म्हणाल्या, "जवाईबापू, समदं हाय ह्याच्यात. पोरींची माय मेली. पोरींनं रडाचं कवा, तेवढं नाई लिवलं."

आवाज हळू होता. साडूंना ऐकू आलं नाही. सवयीने त्यांनी मोठीकडे पाहिलं. मोठीचे हात हलले नाहीत. खात्यात रडण्याला खूण नाही. पंधरा वर्षांची पोर ती, भिंतीला टेकून आजीकडे बघत उभी राहिली. मग धाकटी पुढे झाली आणि तिने डोळ्याखालून गालावरून बोट खाली ओढलं, आणि तेच बोट तक्त्याकडे दाखवलं.

साडूंना कळलं. ते तक्त्याकडे वळले. मला वाटलं आता भडकतील, किंवा हसण्यावारी नेतील. त्यांनी यातलं काही केलं नाही. खडू घेऊन ते तक्त्यात जागा शोधायला लागले. दिवसपाळीच्या बाजूला सोमवारपासून रविवारपर्यंत बोट फिरवलं. मग रातपाळीच्या बाजूला. पाढ्यांपाशी थांबले, वेणीपाशी थांबले. दोन मीटर कापडावर एक कोरा रकाना नव्हता. सगळं इतकं नीट भरलेलं होतं.

शेवटी ते आमच्याकडे वळले. मग त्यांनी खडू खिशात ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना हळू बोलताना ऐकलं. "जागा नाई," ते म्हणाले. "धाकटीले न्या, आई."

मोठीने जायला नकार दिला, आणि सासूबाईंनी तिला आग्रह केला नाही. धाकटी दिवाळीच्या सुट्टीत गेली आणि तिचं नाव वाशीमच्या शाळेत घातलं. साडू मला एका शब्दाने काही बोलले नाहीत. वेणीची गोष्ट फोनवर कोणी सांगितली हे त्यांना माहीत नसेल, असं मी अजून स्वतःला सांगतो. नंतर एकदा मी काही बोलायचा प्रयत्न केला तर त्यांनी कानाकडे हात नेला, ऐकू येत नाही म्हणून. असेलही.

आता ते महिन्यातून एकदा दोन दिवस खाडा करतात. बावीस वर्षांत ज्या माणसाने तापातही पाळी बुडवली नाही, तो खात्यात सांगून निघतो आणि वाशीमला जातो. तिथे जाऊन करतात काय, हे मला कळेना. मागच्या रविवारी मी सासूबाईंना विचारलं. हल्ली फोनवर मी विचारतो आणि त्या सांगतात.

"काई नाई करत," त्या म्हणाल्या. "आंगनात बसते. पोरगी येऊन मांडीवर बसते अन् रडते. पोटभर रडते. हा गप बसून राह्यते, उठत नाई, घड्याळ पाह्यत नाई. दुपार टळून जाते, मी दोघायले जेवाले हाक मारतो तरी उठत नाई."

मी म्हटलं, "आई, एप्रिलमध्ये तिची परीक्षा संपेल. जूनमध्ये इकडची शाळा उघडते."

पलीकडे कुणीतरी अंगण झाडत होतं, त्याचा आवाज येत होता.

"तो पुढच्या खेपेले येऊ दे," सासूबाई म्हणाल्या. "त्यालेच इचारतो."