माहं अख्खं मार्केट एका स्टेजवर चढलं

दोस्तहो, आज डोकं फुटायची पाळी आली, म्हनून इथं लिहून राह्यली.

बालाघाटच्या राइस मिलवाल्यांत स्पर्धा किती, यावर माही पीएचडी. मिला पाच, मालक पाच. बाजारात कोनाचा वाटा किती, त्यावरून आकडा काढला. स्पर्धा एकदम झकास निघाली! परवा थिसिस जमा करायचा आहे.

आज त्यातल्याच एका मालकाच्या पोरीचं लग्न होतं. मलेही बलावलं. जेवनं झाली अन् फोटोग्राफर ओरडला, "चला, घरचे लोक स्टेजवर या!"

पाचही मालक वर चढले. पोरीचा बाप, मामा, मावसा, फुफा अन् मोठा जवाई. आडनावं वेगळी, मंग मले कसं समजन?

मी मामाले इचारलं, "काहून जी, तुमची तं आपसात स्पर्धा आहे ना?"

"हौ मॅडम, बोर्डावर आहे ना! भाव तं आमी सकाळी चहा पेतानीच ठरवतो."

थिसिस गेला चुलीत. घरी आली तं बाबा उद्या धान इकाले जाच्या तयारीत. मले म्हनते, "पाचही मिलांत भाव इचारून मंगच इकतो. आपल्याले कोनी फसवू नाही शकत."

सांगा, त्याईले काय सांगू?